कांबळे मॅडमचे उपाशी पट्टे

माझ्या टेबलावरची शाईची बाटली महिन्यातून एकदा तरी नाहीशी व्हायची. शिपाई शपथा घ्यायचा, आणि हल्लीच्या मुलांना शाई कशाशी खातात हेही ठाऊक नाही, त्यामुळे त्यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता. चोर कोण ते मला माहीत होतं. भिंतीपलीकडे वनस्पतिशास्त्र विभाग होता आणि तिथं सुजाता कांबळे मॅडम बसायच्या. मी रसायनशास्त्राचा माने, कॉलेजात अजून फाउंटन पेननं लिहिणारा शेवटचा माणूस. मॅडम पेन वापरत नव्हत्या. त्या माझी निळी शाई व्हिनेगरमध्ये मिसळायच्या आणि त्यात जोंधळ्याची मुळं उकळायच्या.

व्हिनेगर राजारामपुरीतल्या एका चायनीजच्या गाडीवरून यायचं. गाडीवाला त्यांचा जुना विद्यार्थी, तो पैसे घ्यायचा नाही. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या मजल्यावर मंच्युरियनचा वास सुटायचा आणि माझ्या प्रॅक्टिकलच्या मुलांना भुका लागायच्या. एक दिवस मी तावातावानं तक्रार करायला भिंतीपलीकडे गेलो. मॅडमनी माझं बोलणं ऐकूनच घेतलं नाही. हाताला धरून मला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. माझ्या गोंधळाची सुरुवात तिथं झाली आणि खरं सांगायचं तर तो अजून संपलेला नाही.

"बघा," मॅडम म्हणाल्या.

मुळाच्या आत निळे दोरे दिसत होते. काही ठिकाणी त्या दोऱ्यांना बारीक झुडपं फुटली होती.

"हे काय?"

"बुरशी. तुमच्या शाईनं निळी झालीय."

"अरेरे. मग रोप गेलं असेल."

"रोप मजेत आहे. शेजारच्या कुंडीतलं, ज्याच्या मुळात ही नव्हती, ते गेलं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि पुढची सात-आठ वर्षं त्या तेच सांगत राहिल्या. ही बुरशी मुळाशिवाय जगत नाही. मुळाच्या आत घर करते आणि आपले तंतू मातीत लांबवर सोडते. मुळाला जिथं शिरता येत नाही अशा फटींत हे तंतू शिरतात, तिथलं पाणी आणि स्फुरद मुळाला आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. क्षारपड जमिनीत तर झाडाची फार पंचाईत. मातीत पाणी असतं, पण मिठामुळं मुळाला ते ओढता येत नाही. भरल्या हंड्याशेजारी बसून तहानेनं मरायचं. तिथं ही बुरशी कामाला येते.

"म्हणजे ती मीठ खाते?" मी विचारलं.

"नाही."

"मग मातीतलं मीठ कमी करते?"

"नाही हो सर. मीठ आहे तिथंच राहतं. ही झाडाला मिठात राहायला शिकवते."

रसायनशास्त्रात शिकवणे नावाची प्रक्रिया नाही, असं मी म्हणालो. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडून माझी मुलं बघायला आली.

मॅडम ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पायात कायम कॅनव्हासचे बूट. साडी असो की ड्रेस, बूट तेच. पर्समध्ये खुरपं, प्लास्टिकच्या पिशव्या, रबरबँड, आणि तळाशी कुठल्या कुठल्या गावांची माती. नखं कधी स्वच्छ नसायची. उचगावातून मोपेडवर यायच्या, आणि अशा वेगानं यायच्या की गेटवरचा वॉचमन आधीच बाजूला व्हायचा. वर्गात 'मी येते, मी सांगते' असं पुस्तकी बोलायच्या. चिडल्या किंवा हळव्या झाल्या की मात्र गावाकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी सांगतो' सुरू व्हायचं. मुलं त्यावरून हवामानाचा अंदाज बांधायची.

कुठलाही वाद असो, त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "पानाला काय विचारता? मुळाला विचारा." हे त्या नुसतं म्हणत नसत. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये आमची मीटिंग चालली होती. निकाल घसरल्याबद्दल सगळ्यांची हजेरी घेणं सुरू होतं. मॅडमचं लक्ष कोपऱ्यातल्या क्रोटनच्या कुंडीकडे. पानं पिवळी पडली होती. प्राचार्य आकडे वाचत असताना त्या उठल्या, कुंडीपाशी गेल्या आणि सगळ्यांदेखत झाड मुळासकट उपटून बाहेर काढलं. गालिच्यावर माती सांडली. "पाणी जास्त होतंय सर," त्या म्हणाल्या, "मुळं कुजलीत. रोज कोण घालतं पाणी?" रोज पाणी प्राचार्य स्वतः घालायचे. मीटिंग तिथंच संपली, आणि निकालाचा विषय त्या वर्षी पुन्हा निघाला नाही. मॅडमनी हे मुद्दाम केलं की त्यांना खरोखर राहवलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, "दोन्ही."

त्यांना मी उपयोगाचा होतो तो माझ्या यंत्रामुळं. मातीच्या पाण्यातून वीज किती वाहते यावरून क्षार मोजायचं एक छोटं यंत्र आमच्या विभागात होतं आणि ते फक्त मला नीट चालवता यायचं. म्हणून रविवारी मॅडम मला शिरोळकडच्या गावांत घेऊन जायच्या. गाडी त्या चालवणार, मी मागं, मांडीवर मातीचं पोतं आणि गळ्यात यंत्र. उचगावच्या फाट्यावर लोक वळून वळून बघायचे. माझी बायको म्हणायची, "तुम्ही नक्की मास्तर आहात की हमाल?" मी म्हणायचो, मलाही नक्की सांगता येत नाही.

नदीकाठची ती जमीन ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून पटत नाही. एकेकाळची काळी कसदार रानं. बारा महिने पाणी, बारा महिने ऊस, निचऱ्याला वाट नाही. हळूहळू खालचं मीठ वर आलं आणि हिवाळ्यात रानांवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसायला लागला.

अशाच एका गावात मॅडमनी देवळाच्या पारावर शेतकऱ्यांची बैठक घेतली होती. तासभर त्या बुरशीचे गुण गात होत्या. लोक शांतपणे ऐकत होते, माना डोलवत होते. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले.

"ताई, समदं पटलं बगा. आता ह्या बुरशीवर कुठलं औषध मारायचं तेवढं लिवून द्या."

पार हसून कोसळला. मॅडम हसल्या नाहीत. परत येताना गाडी बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "चूक त्यांची नाही. आयुष्यभर बुरशी म्हटलं की नुकसान. मीच शब्द बदलला पाहिजे." त्या दिवसापासून त्या बुरशी म्हणेनाशा झाल्या. कॉलेजच्या गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत मक्याच्या मुळांवर ती वाढवायची, मका वाळला की मुळं बारीक चिरून मातीत कालवायची, आणि ती माती शेतात पेरताना बियाण्याखाली मूठ मूठ घालायची, अशी त्यांची पद्धत होती. त्या मातीला त्या आता विरजण म्हणू लागल्या. थोडंसं घाला, बाकीचं ते आपलं आपण करतं. बायकांना हे झटक्यात कळलं. पुढं या शब्दानंच घोटाळा केला, पण तेव्हा मी त्यांच्या हुशारीवर खूश झालो होतो.

आता त्यांच्या स्वतःच्या रानाचं सांगतो, कारण मॅडम मला आठवतात त्या तिथल्याच.

शिरोळच्या अंगाला त्यांचं एक एकर होतं. वडलांनी दुसऱ्याच्या रानात राबून, पोटाला चिमटा घेऊन ते घेतलं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसानं ओलिताची जमीन विकत घेतली याचं गावाला त्या काळी फार नवल वाटलं होतं, आणि काहींना नुसतं नवल वाटलं नव्हतं. वडील गेले, त्याच्या आगेमागे रान पांढरं पडलं. आई गावातच राहायची, रानाकडे रोज फेरी मारायची. थोरल्या भावाचं, दादांचं, उचगावात दुचाकीचं गॅरेज होतं. वीटभट्टीवाला माती मागत होता. त्यानं नेली असती तर रानात पुरुषभर खड्डा राहिला असता, पुन्हा काही पिकलं नसतं. दादांचं म्हणणं, असंही काय पिकतंय? मॅडमचं म्हणणं, मी पिकवून दाखवते.

"हे बघ सुजा," दादा म्हणाले. मी गॅरेजातल्या स्टुलावर बसलो होतो. "मी गॅरेजवाला माणूस. दोन गाड्या शेजारी शेजारी लाव. येकीत तुझं औषध घाल, दुसरीत घालू नको. दोन्हीला किक मार. मला फरक दिसला तर मी मानतो. न्हाय दिसला, तर भट्टीवाला रोज फोन करतोय. येक हंगाम देतो."

मला दादा आवडले. विज्ञान शिकवून माझे केस पांढरे झाले, पण तुलना म्हणजे काय हे मी इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगू शकलो नव्हतो.

रानाच्या निम्म्या भागात आम्ही आठ पट्टे आखले. एक विरजणाचा, शेजारचा रिकामा, पुन्हा विरजणाचा, असे आलटून पालटून. मी काठ्यांना फडकी बांधली, विरजणाला लाल, रिकाम्याला पांढरी. शाळू, म्हणजे हिवाळी जोंधळा, पेरला. मॅडमची आई बांधावर बसून बघत होती. बारीक चणीची म्हातारी, डोक्यावर पदर, दात जवळजवळ नाहीत.

"ह्या धा पावलांत घातलं, त्या धा पावलांत का न्हाय?" तिनं विचारलं.

"ते रिकामे ठेवायचे असतात आई. फरक कळायला."

"म्हंजे उपाशी."

"हां, उपाशी म्हण."

म्हातारीनं पांढऱ्या फडक्यांकडं एकदा बघून घेतलं. उरलेलं अर्धं पोतं, कुठं रोपं मेली तर नव्यानं लावायला लागेल म्हणून, आम्ही आईच्या छपरात ठेवलं आणि कोल्हापूरला परत आलो.

चाळीस दिवसांनी मॅडमनी आठही पट्ट्यांतली मुळं आणली, माझ्याच शाईत उकळली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातली. दुपारी त्या माझ्या विभागात आल्या. चेहरा उतरलेला.

"सर, तुम्ही फडकी बरोबर बांधली होती ना?"

"म्हणजे काय? तुमच्यासमोर बांधली."

"रिकाम्या पट्ट्यांतल्या मुळांतही बुरशी आहे. भरपूर. लाल-पांढऱ्याचा घोळ झालाय."

"घोळ झाला असता तर लाल पट्ट्यात नसती ना. दोन्हीकडं कशी असेल?"

"मग पोतं तुम्ही हाताळलंत आणि तेच हात रिकाम्या पट्ट्यात घातलेत. मी तुम्हाला सांगितलं होतं की नव्हतं, हात धुवा म्हणून? माझं रान जाईल सर. तुम्हाला काय, तुम्ही रविवारची सहल म्हणून येताय. मी मूर्ख, मी तुमच्यावर विसंबलो."

'विसंबलो' ऐकल्यावर मी वाद सोडला. वाईट मला त्यांच्या बोलण्याचं वाटलं नाही, वाईट वाटलं ते याचं की मलाच माझी खात्री वाटेना. धुतले होते का मी हात? डोळ्यांपुढं बादली येत होती, पाणी येत होतं, पण ती त्या दिवसाची की आदल्या रविवारची हे आठवत नव्हतं. पस्तीस वर्षं मुलांना निरीक्षणं नोंदवा म्हणून ओरडलो आणि माझ्याच हातांची नोंद माझ्याकडं नव्हती. मॅडम माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर माझी शाईची बाटली परत आली होती, काठोकाठ भरून. ते मला फार लागलं.

तरी दादांना फरक दाखवायच्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला, यंत्र घेऊन या म्हणून. दादा गॅरेज बंद ठेवून आले होते. शाळू छातीला लागत होता, आठच्या आठ पट्ट्यांत. हिरवागार. ज्या रानात वर्षानुवर्षं गवत धरत नव्हतं तिथं तो शाळू बघून मला खरंच भरून आलं. मी यंत्र लावलं. क्षार पेरणीच्या वेळी होते जवळजवळ तेवढेच. माझं यंत्र सांगत होतं काहीच बदललं नाही, आणि डोळे सांगत होते सगळं बदललंय. मी कुणाचं ऐकायचं?

दादा पट्ट्यांमधून दोनदा फिरून आले.

"रान झाक आलंय," ते म्हणाले. "पर सुजा, फरक कुटाय? पांढऱ्या फडक्याचं बी तेवढंच, तांबड्या फडक्याचं बी तेवढंच. म्हंजे यंदा पाऊसमान चांगलं झालं, रानाला वल ऱ्हायली. तुझ्या इरजणानं काय केलं?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. दादांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी परीक्षक असतो तर मीही तेच बोललो असतो.

आई भाकरीचं गठुळं सोडत होती. वर न बघता म्हणाली, "सारखंच यायाचं की. म्या समद्यास्नी घातलंय."

"काय घातलंस?" मॅडम म्हणाल्या.

"इरजण. अर्दं पोतं ऱ्हायलं हुतं की छपरात. तुमी गेलासा, आन दुसऱ्या दिशी म्या घमेलं घिऊन गेलो. तू ज्या चार वळी उपाशी ठेवलीतीस, त्यास्नी घातलं. मूठ मूठ."

"आई! अगं का पण?"

"का म्हंजे?" म्हातारीनं आता वर पाहिलं. आवाज चढला नव्हता. "लग्नाकार्यात आमची वळ शेवटाला, उकिरड्याच्या अंगाला बसायची. वाढपी बादली घिऊन समद्या वळीतनं फिरायचा आन आमच्यापतूर आला की बादली खाली. माझी आई मला मांडीवर घिऊन बसलेली, नुसता वास घेत. आता ह्ये माझं सोताचं रान हाय. माझ्या रानात येक वळ जेवणार आन शेजारची बघत बसणार? आन वाढपी कोण, तर माझीच लेक?"

दादांनी टोपी काढली, पुन्हा घातली. शाळूत कुठंतरी पाखरं ओरडत होती. आईनं भाकऱ्या वाटल्या, मला दोन दिल्या, आणि प्रत्येकाच्या भाकरीवर झुणका अगदी मोजून सारखा घातला.

"आई हाय तवर रान कुटं जात न्हाय," दादा जेवण झाल्यावर म्हणाले. "भट्टीवाल्याला मी बघतो."

रान वाचलं होतं. मी मॅडमचं अभिनंदन करायला वळलो तर त्या दूर बांधावर पाठ करून बसल्या होत्या. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी कधी नाही इतकी हळू चालवली. उसाच्या एका वळणावर थांबवली.

"सर, रान आईसाठी राहिलं. दादाला पटलं म्हणून राहिलं नाही. आनंद व्हायला पाहिजे ना मला? होईना झालाय." मग म्हणाल्या, "मला जिंकायचं नव्हतं हो. मला कळायचं होतं. आता कसं कळणार? पावसानं आलं की बुरशीनं?"

"आईंना समजावून सांगायला हवं होतं."

"काय समजावू? तिला म्हणू तू चुकलीस? तुम्ही म्हणून दाखवा."

मला म्हणता आलं नसतं. आजही येणार नाही. प्रयोग म्हणून बघितलं तर म्हातारीनं सगळा सत्यानाश केला होता यात शंका नाही. आणि तिचं चुकलं असं म्हणायला गेलं की जीभ उचलत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, हे कोडं मी अजून घेऊन बसलोय. मॅडमनी माझी माफी वगैरे काही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरची शाईची बाटली गायब होती, त्यावरून मी काय समजायचं ते समजलो आणि नवी आणली.

आई पुढच्या पावसाळ्यात गेली. चार दिवस ताप आला आणि गेली, फार कुणाला त्रास न देता. दिवसकार्य उरकल्यावर पंधरवड्यानं दादा कॉलेजवर आले. आम्ही तिघं कँटीनमध्ये चहा घेऊन बसलो. भट्टीवाला पुन्हा आला होता. दादा वाईट माणूस नव्हते, त्यांची मुलगी शिकायची होती, गॅरेजची जागा भाड्याची होती.

"सुजा, मी आईला शब्द दिल्ता तो आईपतूरच. तुझं-माझं जुनंच ठरलेलं हाय. येक हंगाम घे. पर ह्या खेपेला चार वळी खरोखर रिकाम्या ठेव. न्हायतर मी दस्त करून मोकळा हुतो."

मॅडम म्हणाल्या, "ठेवतो."

मागच्या वर्षीच्या पट्ट्यांत बुरशी आता रुजली होती, तिथं रिकामा पट्टा करणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी एकराचा दुसरा निम्मा भाग घेतला. तो जास्त पांढरा, जास्त वाईट. तिथं आईच्या हातूनही काही गेलं नव्हतं. पुन्हा आठ पट्टे. या वेळी विरजण फक्त चार पट्ट्यांना पुरेल एवढंच आणलं होतं, छपरात काही ठेवलं नाही. लाल पट्टे पेरून झाल्यावर मॅडमनी हात धुतले. पुन्हा धुतले. साबणानं, मग नुसत्या पाण्यानं, मग पुन्हा साबणानं. मी म्हणालो, आता पुरे, रिकामे पट्टे मी पेरतो. त्या नको म्हणाल्या.

"वाढपी मीच आहे. मीच पेरतो."

त्या हंगामात मॅडम गप्प असायच्या. मुलं म्हणायची, मॅडमचं हवामान कळेनासं झालंय. दर रविवारी आम्ही जायचो. पहिल्या पंधरवड्यात काही कळत नव्हतं. महिन्यात फरक दिसायला लागला. दीड महिन्यात तर रस्त्यावरून दिसू लागला. लाल फडक्यांचा शाळू कमरेला, पांढऱ्या फडक्यांचा गुडघ्याखाली. त्याची पानं टोकाकडून जळत होती, रंग पिवळा, ताटं काडीसारखी. मुळं शाईत घातली. लाल पट्ट्यांत निळ्या झुडपांची गर्दी, पांढऱ्यांत तुरळक एखादा दोरा. माझ्या यंत्राला दोन्हीकडचं मीठ सारखंच दिसत होतं. मॅडमनी इतकी वर्षं जे सांगितलं ते सगळं शब्दाला शब्द खरं निघालं. दुसरा एखादा असता तर नाचला असता. मी नाचायच्या बेतात होतो, पण मॅडमच्या तोंडाकडं बघून आवरलं. पांढऱ्या पट्ट्यांजवळून जाताना त्या पावलं उचलायच्या आणि दुसरीकडं बघत जायच्या.

कणसांत दाणे भरल्यावर दादा आले. बरोबर खुरपं घेऊन आले. त्यांनी स्वतः दोन्हीकडची दोन-दोन ताटं उपटली, शेजारी शेजारी बांधावर आडवी ठेवली आणि वितीनं मोजली. मुळांची माती झटकून बघितली. इंजिन खोलून बघावं तसे ते बराच वेळ उकिडवे बसून होते. मग उठले, खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच भट्टीवाल्याला लावला.

"पावणं, रान द्यायचं न्हाय. न्हाय न्हाय, भाव न्हवं. द्यायचंच न्हाय. पुन्ना फोन करू नका." फोन ठेवून ते मॅडमना म्हणाले, "सुजा, मानलं बघ तुला. फरक हाय. आई असती तर..." एवढं बोलून ते थांबले. आई असती तर फरक नसता, हे आमच्या तिघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. दादा गाडी काढून निघून गेले.

मी यंत्र पुसून पेटीत ठेवलं, मुळांच्या पिशव्या बांधल्या आणि रस्त्याकडं निघालो. मॅडम पाठोपाठ येतील म्हणून गाडीपाशी उभा राहिलो. ऊन कलायला लागलं तरी पत्ता नाही. सकाळी येताना त्यांच्या पायाशी एक पोतं होतं, दादांना विरजण दाखवायला आणलं असेल असं समजून मी काही विचारलं नव्हतं. ते आता गाडीवर नव्हतं. मी परत रानात गेलो.

मॅडम पहिल्या पांढऱ्या पट्ट्यात वाकून होत्या. शेजारी घमेलं. एकेका खुरटलेल्या ताटाच्या बुडाशी खुरप्यानं माती बाजूला करायची, मुळाशी मूठभर विरजण घालायचं, माती पुन्हा दाबायची आणि पुढच्या ताटाकडं सरकायचं. कुठलंही ताट सुटत नव्हतं. जी वाळून गेली होती त्यांनाही मिळत होतं.

आता कणसं पिकत आली होती. दाणे भरायचे ते भरले होते, राहायचे ते राहिले होते. या पिकाला त्या मुठीचा तिळभर उपयोग व्हायचा नव्हता, आणि हे माझ्यापेक्षा त्यांना चांगलं माहीत होतं. वर पुढच्या वर्षी तुलनेला लागणारा रिकामा पट्टाही त्या आपल्या हातानं घालवत होत्या.

"मॅडम," मी म्हणालो, "आता घालून काय होणार?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, ते त्यांनी मनगटानं पुसले. "काही होणार नाही सर." आणि घमेलं पुढं सरकवून त्या पुढच्या ताटाशी बसल्या. अजून तीन पट्टे राहिले होते.